फोंड्यात नव्याने राहायला येताय? आधी पावसाचा हिशोब मांडा

कुंडई, बेतोडा, मडकईच्या औद्योगिक वसाहतींत नोकरी लागली म्हणून, फर्मागुडीला मुलाचा प्रवेश झाला म्हणून, किंवा बदली झाली म्हणून दरवर्षी कितीतरी मराठी कुटुंबं फोंड्यात येतात. पुण्याहून, सोलापुराहून, नगरहून, विदर्भातून. येण्याआधी त्यांचे प्रश्न ठरलेले असतात: उन्हाळा किती कडक, थंडी पडते का, एसी लागेल का. हे प्रश्न देशावर बरोबर असतात. इथे आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे. ओल किती असते, कधी येते आणि घरात कुठून शिरते? याचं उत्तर नीट कळलं की घर, कपडे, स्वयंपाकघर, प्रवास, तब्येत हे सगळं आपसूक मार्गी लागतं. त्यासाठीची तयारी कोणत्या महिन्यात काय करायची, ते इथे क्रमाने देतो.

एक खुलासा आधीच. पावसाळ्यात बातम्यांत ‘फोंडा घाटात दरड कोसळली’ असं ऐकलंत तर घाबरू नका. तो घाट सिंधुदुर्गात, कणकवली तालुक्यात. आपला फोंडा गोव्याच्या मध्यावर, पणजीपासून साधारण ३० किलोमीटर आत.

पहिली पायरी: आकडे मनात बसवा

तापमानाचं फार काही सांगण्यासारखं नाही. मेमध्ये दुपारी ३३-३४ अंश, जुलैत २८-२९, जानेवारीत पुन्हा ३२ च्या घरात. जानेवारीच्या पहाटे २० किंवा थोडं खाली. बस्स. स्वेटर आणायचा तर एक आणा, आणि तोही हवाबंद पिशवीत.

पावसाचे आकडे मात्र पाठ करावेत असे आहेत. गोव्याची वार्षिक सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास आहे. पुण्याची ७०० च्या आसपास, सोलापूरची त्याहून कमी, मुंबईची २३००-२४००. इथला नव्वद टक्क्यांच्या आसपास पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. एकट्या जुलैत ९०० ते १००० मिलिमीटर होऊन जातात, म्हणजे पुण्याच्या अख्ख्या वर्षापेक्षा जास्त. उलट डिसेंबर ते मार्च जवळजवळ कोरडे. वर्षाचे असे दोन तुकडे पडतात, म्हणूनच हवामानशास्त्रात या पट्ट्याला उष्णकटिबंधीय मोसमी म्हणतात.

मिलिमीटर हा आकडा डोळ्यांसमोर येत नाही, तेव्हा तो लिटरमध्ये करून बघा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. हजार चौरस फुटांचं छप्पर म्हणजे साधारण ९३ चौरस मीटर. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला, आणि तसे दिवस जुलैत येतातच, तर तुमच्या एकट्या छपरावरून ९३०० लिटर पाणी खाली येणार. मोठ्या टँकरचा ऐवज झाला. ते पाणी कुठे जाणार, हे ज्या घरात ठरलेलं नसतं ते घर गळतं.

इतका पाऊस का, हेही समजून घेणं उपयोगी पडतं. अरबी समुद्रावरून नैऋत्येचं बाष्पाने भरलेलं वारं येतं, सह्याद्रीला अडतं, वर चढतं, थंड होतं आणि कोसळतं. त्यामुळे किनाऱ्यावरून घाटाकडे जावं तसा पाऊस वाढत जातो. पणजीपेक्षा वाळपई, सांगे या बाजूला जास्त, आणि घाटमाथ्यावरच्या आंबोलीला तर वर्षाला ७००० मिलिमीटरच्या आसपास. फोंडा या दोन टोकांच्या मध्ये, डोंगरांच्या कुशीत. म्हणून मोबाइलवर पणजीचा अंदाज बघून फोंड्याचा बेत आखू नका. पणजीत ऊन आणि माशेलला धुवांधार, हे इथे नेहमीचं आहे.

अंदाज बघायचा तो भारतीय हवामान खात्याच्या पणजीतल्या आल्तिनोच्या केंद्राचा. तिथून रोज जिल्हावार इशाऱ्याचे रंग दिले जातात. रंगांमागचे शब्दही मोजून वापरलेले असतात: २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे ‘मुसळधार’, ११५.६ ते २०४.४ म्हणजे ‘अति मुसळधार’, त्यापुढे ‘अत्यंत मुसळधार’. हे चोवीस तास सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असे धरतात. पिवळ्या रंगाला इथे कुणी काम थांबवत नाही, लक्ष ठेवतात. नारिंगीला लांबचा प्रवास पुढे ढकला. लाल असेल तर घरीच राहा, विशेषतः नदीकाठच्या किंवा घाटातल्या रस्त्याने जायचं असेल तर.

दुसरी पायरी: घर पावसाच्या डोळ्यांनी बघा

बहुतेक लोक घर बघायला डिसेंबर-जानेवारीत येतात. हवा छान, भिंतींना नवा रंग, अंगणात ऊन. अशा वेळी घर कसं वाचायचं ते शिकून घ्या, कारण पाऊस आपल्या खुणा मागे ठेवून जातो.

बाहेरून सुरुवात करा. चिऱ्याच्या जोत्याकडे खाली वाकून बघा. जमिनीपासून वीतभर किंवा हातभर उंचीवर वाळलेल्या शेवाळाची काळपट-हिरवी रेघ दिसेल. पागोळ्यांचं पाणी उडून तिथवर येतं. रेघ जोत्यावरच थांबली असेल तर ठीक. ती चढून खिडकीच्या पट्टीपर्यंत गेली असेल तर त्या भिंतीला चार महिने सतत मार बसतो असं समजा. मग खिडक्यांचे गज बघा. गजांच्या मुळापासून भिंतीवर तांबड्या गंजाचा ओघळ उतरला असेल तर पाणी आत येतं. आत आल्यावर न्हाणीघराच्या दाराची चौकट खालून अंगठ्याने दाबा. प्लायवूडचे पदर सुटलेले असतील, लाकूड फुगलेलं असेल, तर रंग कितीही नवा असो, उत्तर तुम्हाला मिळालं. भिंतींत मोठ्या कपाटामागचा कोपरा मोबाइलच्या उजेडात तपासा. गिलाव्याचे पोपडे आणि पांढरी भुकटी दिसली तर ती भिंत ओल धरते.

दिशा विचारा. इथे पाऊस सरळ पडत नाही, वाऱ्याबरोबर पश्चिमेकडून आणि नैऋत्येकडून तिरका येतो. त्या बाजूच्या खिडक्यांवर खोल छज्जा हवा. पश्चिमेला मोठी काचेची खिडकी आणि वर वीतभराचा छज्जा, ही नव्या इमारतींमधली रचना दिसायला सुंदर आहे, पण जुलैत त्या खोलीत पलंग ठेवता येत नाही. जुन्या घरांना चहूबाजूंनी पडवी आणि उतरतं मंगळुरी कौलांचं छप्पर असतं, ते उगाच नाही. पाऊस मुख्य भिंतीपर्यंत पोहोचूच नये ही त्यामागची सोय.

मजला कोणता? सर्वांत वरचा असेल तर स्लॅबवर पत्र्याची शेड आहे का बघा. असेल तर गळतीची चिंता बरीच कमी. तळमजला असेल तर मलटाकीची आणि शोषखड्ड्याची चौकशी करा. पावसात जमिनीखालचं पाणी वर येतं आणि शोषखड्डा पाणी घेईनासा होतो. हा त्रास घरमालक स्वतःहून सांगत नाही. शेजाऱ्यांना विचारा, ते सांगतात.

फोंडा टेकड्यांचा गाव आहे. पुष्कळ इमारती उतार कापून बांधलेल्या आहेत. मागे मातीची कापलेली भिंत असेल तर तिला संरक्षक भिंत आहे का, आणि त्या भिंतीत पाणी निघायला भोकं ठेवलीत का, हे स्वतः बघा. भोकं नसलेल्या भिंतीमागे पाणी साचतं आणि भिंत ढकलली जाते. खांडेपार नदीच्या काठच्या वाड्यांवर घर घेताना २३ जुलै २०२१ ला पाणी कुठवर आलं होतं, एवढंच विचारा. त्या दिवशीचा पूर गोव्यात कित्येक दशकांतला मोठा होता, आणि काठावरच्या प्रत्येकाला ती खूण ठाऊक आहे.

तिसरी पायरी: मे महिना तुमचा, जून पावसाचा

मान्सून गोव्यात साधारण जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो. जुनी माणसं मिर्ग धरतात, म्हणजे ७-८ जूनचं मृग नक्षत्र. पण तुमची शेवटची तारीख १५ मे समजा. त्यानंतर शाकारणीला माणूस मिळत नाही, प्लंबर फोन उचलत नाही, आणि ताडपत्रीचा भाव चढतो.

कौलारू घर असेल तर कौलं परतून, फुटकी बदलून घ्या. स्लॅब असेल तर गच्चीवरचा पाला काढा आणि पाणी जायच्या भोकात जाळी बसवा. पुष्कळ गळत्या भोक तुंबल्यामुळे होतात, स्लॅब चांगला असतो. पन्हळी मोकळ्या करा. अंगणातलं पाणी घरापासून लांब जाईल असा चर काढा. घरावर झुकलेल्या फांद्या छाटून घ्या, पण फांदी विजेच्या तारेजवळ असेल तर हात लावू नका, वीज खात्याला कळवा. नारळ असेल तर पाडेल्याला बोलावून नारळ आणि सुकी चुडतं उतरवून घ्या. गाडी त्या झाडाखाली लावत असाल तर जागा बदला.

वादळं मान्सूनची वाट बघत नाहीत. २०२१ च्या मेमध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा झाडं पडून गोव्यातली वीज ठिकठिकाणी गेली होती. म्हणून इन्व्हर्टर, बॅटरीचा दिवा, चार्ज केलेली पॉवर बँक हे मेच्या सुरुवातीलाच. वीज गेली की १९१२ वर तक्रार, बाकी कसल्याही संकटाला ११२, रुग्णवाहिकेला १०८.

विजांबद्दल एक गोष्ट नवख्यांना उलटी वाटते. कडकडाट मे महिन्यात आणि ऑक्टोबरात जास्त असतो. भर जुलैत दिवसेंदिवस पाऊस पडतो पण वीज फारशी चमकत नाही. तेव्हा टीव्ही, राउटर, फ्रिज यांचे प्लग काढायची सवय वळवाच्या पहिल्या संध्याकाळपासून लावा. मीटरजवळ ईएलसीबी (वीज गळली की प्रवाह तोडणारी कळ) बसवलेली आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. ओल्या भिंतीतून वीज उतरते, आणि तिथे जीव वाचवणारी वस्तू तीच आहे.

स्वयंपाकघराची बेगमी हा गोव्याचा जुना शहाणपणा आहे. मेमध्ये बाजार सुक्या मिरच्या, चिंच, सोलं (आमसुलं), कांद्याच्या माळा, मीठ, सुके बांगडे, सुकी सुंगटं (कोळंबी) यांनी भरतो. मडगावच्या पुरुमेंताच्या फेस्तात, म्हणजे बेगमीच्या जत्रेत, तर लोक खास त्यासाठीच जातात. तुम्हीही डाळी, रवा, मसाले मेच्या उन्हात दोन दिवस वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यांत भरा. रवा भाजून ठेवा, नाहीतर जुलैत जाळी धरते. पापड-कुरडयांचं वाळवण करायचं तर एप्रिलमध्येच, मेच्या मध्यानंतर आभाळाचा भरवसा नाही. मासे खाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं: १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस यांत्रिक मासेमारीला बंदी असते. बाजारात खाडीतली, नदीतली मासळी मिळते पण थोडी आणि महाग. तेव्हा सुकं नुस्तं कामाला येतं.

चौथी पायरी: घरातल्या ओलीशी रोजचा व्यवहार

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून या भागाला वेळ देतो.

जुलैत हवेतली आर्द्रता दिवसरात्र ८५-९० टक्क्यांच्या आसपास असते. अशा वेळी ‘खिडक्या उघडा, हवा खेळू द्या’ हा देशावरचा सल्ला अर्धाच खरा. बाहेरची हवा स्वतःच पाण्याने भरलेली, ती आत येऊन काही सुकवत नाही. पाऊस चालू असताना खिडक्या लावा. दोन सरींमध्ये तासभर उघडीप मिळाली, थोडं ऊन पडलं, की सगळं उघडा. आणि हवा हलती ठेवा. पंखा बंद असलेल्या खोलीत बुरशी आठवड्याभरात येते.

ती कुठे येते ते बघून ठेवा. आधी चामड्यावर: पट्टा, पाकीट, बुटाचं आतलं अस्तर, पर्सचा खालचा कोपरा. पांढरट-हिरवी लव धरते, हात लावला की उठते, आणि नाकाला कुबट वास लागतो. मग लाकडी कपाटाची मागची फळी. मग पुस्तकांचे पुठ्ठे. मग कॅमेऱ्याची लेन्स, आणि तिथे गेली की साफ होत नाही. दर रविवारी एक कपाट रिकामं करायचं, कोरड्या फडक्याने पुसायचं, चामड्याच्या वस्तूंवर व्हिनेगरचं फडकं फिरवून पंख्याखाली वाळवायच्या, एवढा नियम चार महिने पाळलात तर नुकसान होणार नाही. कपाटं भिंतीला टेकवू नका, मागे चार बोटं जागा सोडा. नवं फर्निचर घेणार असाल तर भुशाच्या दाबलेल्या फळीचं घेऊ नका. इथे ते दोन पावसाळ्यांत फुगतं. सागवान, फणस, किंवा सरळ लोखंडी कपाट.

पूर्वी लोक कपाटात पिवळा बल्ब लावून ठेवत. उष्णतेने आतली हवा कोरडी राही. आजही हा उपाय चालतो, फक्त बल्ब तापणारा जुना हवा. एलईडी तापत नाही, तो लावून काही उपयोग होत नाही. जुन्या बल्बला कपडा टेकणार नाही असा बसवा. तो नको असेल तर ओल शोषणाऱ्या डब्या मिळतात. त्यांत खाली पाणी साचत जातं, ते ओतून टाकायचं आणि डबी मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवायची. घरात लहान मूल किंवा दम्याचा माणूस असेल तर हवेतली ओल खेचणारं यंत्र घेण्याचा खर्च मी योग्यच मानतो. एका रात्रीत त्याची टाकी भरलेली दिसते, तेव्हा आपण कसली हवा घेत होतो ते कळतं.

एसी असेल तर ‘ड्राय’ मोडवर, २६-२७ अंशांवर. १८-२० वर ठेवलात तर भिंती थंड पडतात आणि पलीकडच्या खोलीच्या बाजूने त्याच भिंतीला घाम फुटतो, तिथे काळे ठिपके येतात. चित्रांच्या चौकटीही अशा भिंतीवर लावू नका.

कपडे वाळणं हा चार महिन्यांचा मोठा प्रश्न. जाड जीन्स, जाड टॉवेल बाजूला ठेवा. पातळ सुती किंवा मिश्र कापडाचे कपडे वापरा, टॉवेलाऐवजी पंचा. शाळेच्या गणवेशाचे तीन जोड लागतातच: एक अंगावर, एक दोरीवर, एक इस्त्रीला. वाळत घालायला एक खोली किंवा पडवीचा एक कोपरा ठरवा, पंखा दोरीकडे तोंड करून लावा, आणि झोपायच्या खोलीत ओले कपडे मुळीच नको. पूर्ण वाळले नसतील तर घडी घालण्याआधी गरम इस्त्री फिरवा. पादत्राणं रबरी, आणि दोन जोड, एक आज घातला की दुसरा उद्या.

कागदपत्रं, मुलांची प्रमाणपत्रं, घराचा करार हे प्लास्टिकच्या नुसत्या पिशवीत ठेवलं तर आतली ओल आतच राहते. घट्ट झाकणाचा डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका.

फोंडा हा गाण्याबजावण्याचा तालुका, तेव्हा घरात तबला-पेटी असण्याचा संभव बराच. तबल्याची पुडी ओलीने सैल पडते, सूर उतरतो, आणि मग लोक हातोडी मारत सुटतात. वाजवायच्या आधी तबला कोरड्या, उबदार जागी थोडा वेळ ठेवा, पण थेट आचेवर कधीच नको. वाजवून झाल्यावर कापडी गवसणीत घालून जमिनीपासून उंच. पेटीच्या पितळी सुरांना ओल चढते, ती रोज दहा मिनिटं वाजवली की भाता हलतो आणि आतली हवा बदलते. बंद पेटीपेक्षा वाजती पेटी पावसाळा जास्त चांगला काढते.

पाचवी पायरी: रस्त्यावर

पहिल्या दोन-तीन सरींचे दिवस दुचाकीला सर्वांत वाईट. रस्त्यावरचं तेल, लाल माती आणि पाणी मिळून निसरडं होतं. ब्रेक, टायर मेमध्येच बघून घ्या. रेनकोट दोन तुकड्यांचा घ्या, छत्रीचा वाऱ्यात उपयोग नाही. म्हार्दोळ-बाणस्तारीमार्गे पणजीचा रस्ता आणि बोरी पुलावरून मडगावचा रस्ता, दोन्हीकडे पावसात अर्धा तास जास्त धरा.

बेळगावला जायचं तर अनमोड किंवा चोर्ला. दोन्ही घाटांत जून ते सप्टेंबर दरडी आणि धुकं. संध्याकाळनंतर निघू नका, आणि लाल रंगाच्या दिवशी अजिबात नको. कोकण रेल्वे पावसाळ्यात वेगळ्या, संथ वेळापत्रकाने चालते. गणपतीला गावी जाणाऱ्यांनी तिकीट काढताना ते नीट बघावं. करमळी आणि मडगाव ही दोन स्टेशनं फोंड्याला सोयीची.

पाहुणे आले की धबधब्याला चला म्हणतात. रस्त्यावरून बघा, पाण्यात उतरू नका. वर डोंगरात पाऊस झाला की खाली ऊन असतानाही लोंढा येतो. समुद्रस्नानही या काळात बंद.

सहावी पायरी: तब्येत

पावसाळ्यातला ताप अंगावर काढू नका. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो. फोंड्याभोवती कुळागरं, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागा आहेत, तिथे पोफळीच्या गळलेल्या विऱ्यांत, करवंट्यांत, ताडपत्रीच्या घडीत पाणी साठतं. आठवड्यातून एकदा फेरी मारून ते उलथून टाका. चिखलात, शेतात, तुंबलेल्या गटाराजवळ काम केलं असेल आणि मग ताप, पोटऱ्यांत दुखणं सुरू झालं तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा, लेप्टोचा विचार त्यांना वेळेत करता येतो. पायाला जखम असेल तर साठलेल्या पाण्यातून चालायचं नाही.

जांघेत, बोटांच्या बेचक्यात नायटा होतो. औषधाच्या दुकानातून कुणीतरी सांगितलेलं मलम आणून लावू नका. त्यात स्टेरॉइड असेल तर आठवडाभर बरं वाटतं आणि मग तो दुप्पट पसरतो. त्वचेच्या डॉक्टरला दाखवा.

बिळांत पाणी शिरलं की साप कोरडी जागा शोधत घराकडे येतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं सगळे इथे आहेत. रात्री पडवीत जाताना दिवा लावा, बूट झटकून घाला, सरपणात हात घालण्याआधी काठीने हलवा. साप दिसला तर मारू नका, वन खात्याला किंवा ओळखीच्या सर्पमित्राला फोन करा. चावलाच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काहीही करायचं नाही. तो अवयव हलू न देता, घाई न करता, पण वेळ न घालवता सरकारी इस्पितळ गाठायचं. लस तिथे असते.

सातवी पायरी: पावसात घरात कोंडून घेऊ नका

हे लिहिताना मला मनापासून वाटतं की चार महिने नुसती तक्रार करत काढले तर गोवा तुम्हाला कळणारच नाही. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी माशेलला देवकीकृष्णाच्या देवळासमोर चिखलकाला होतो. अंगाला तेल लावून माणसं चिखलात खेळतात. मुलांना घेऊन जा. २४ जूनला सांजाव, म्हणजे सेंट जॉनचा सण, विहिरीत उड्या. पहिल्या पावसानंतर टाकळ्याची भाजी, अळू, कुड्याच्या कोवळ्या शेंगा बाजारात येतात. शेजारच्या काकींना विचारा कशी करायची, त्या नुसतं सांगत नाहीत, वाटीभर पाठवून देतात. श्रावणात हळदीच्या पानातल्या पातोळ्या.

ऑगस्टमध्ये पावसाला खंड पडतो, मधूनच कडक ऊन. त्या दिवसांचा उपयोग गाद्या, पुस्तकं, कपाटं उन्हात घालायला करा. मग चवथ, म्हणजे गणपती. फोंड्याच्या बाजारात माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीचं सामान येतं: कवंडळ, चिबूड, आंबाडे, सुपारीचे कातरे, रानातली कितीतरी फळं. एवढा पाऊस पडल्याशिवाय यातलं काहीच रानात तयार होत नाही.

आठवी पायरी: ऑक्टोबर आणि कोरडे महिने

परतीचा पाऊस सप्टेंबरअखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. दुपारपर्यंत ऊन, संध्याकाळी ढग, विजा आणि तासाभराचा झोडपणारा पाऊस. ‘पाऊस संपला’ म्हणून ताडपत्री लगेच काढू नका. २ ऑक्टोबर २००९ ला काणकोणात अचानक पूर आला तो याच दिवसांत. ऑक्टोबरचा उकाडा मेपेक्षा जास्त लागतो, कारण जमीन ओली आणि ऊन तापलेलं. पाणी, ताक, सोलकढी भरपूर घ्या.

कार्तिकापासून जत्रांचे दिवस. देवळाच्या प्रांगणात रात्रीची मराठी नाटकं, उघड्या आभाळाखाली. डिसेंबर-जानेवारीत पहाटे धुकं आणि दव असतं, तेवढ्यापुरती एक शाल.

घराचा रंग, गिलावा, गळतीची दुरुस्ती जानेवारी ते मार्च. भिंत आतून पूर्ण वाळायला दोन-तीन कोरडे महिने लागतात. नोव्हेंबरात घाईने दिलेला रंग पुढच्या जुलैत पोपडे होऊन निघतो.

फेब्रुवारी-मार्चमध्ये कधी पूर्वेकडचं कोरडं वारं सुटतं, समुद्रवारा उशिरा येतो, आणि पारा ३६-३७ पर्यंत जातो. रानातलं गवत वाळलेलं असतं. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात आणि इतरत्र वणवे लागले होते. अंगणातला पाला पेटवू नका, खड्ड्यात टाकून खत करा.

आणि एवढ्या पावसाच्या गावात एप्रिल-मेमध्ये नळाचं पाणी कमी येतं, हे खरं आहे. चिऱ्याची जमीन पाणी धरून ठेवत नाही, नद्या सह्याद्रीतून निघून थोड्याच अंतरात समुद्राला मिळतात. फोंड्याला आणि पणजीला पाणी खांडेपार नदीवरच्या ओपा प्रकल्पातून येतं, ती वाहिनी कुठे फुटली की दोन दिवस कोरडे. घरात दोन दिवसांचं पाणी राहील एवढी टाकी असू द्या, तिचं झाकण घट्ट हवं. स्वतःचं घर असेल तर छपराचं पाणी गाळून विहिरीत सोडण्याची सोय कराच.

याच कोरड्या महिन्यांत सत्तरीच्या बाजूला काजूच्या बागांत, जंगलात फिरायला जाल तर गोचिडांपासून जपा. माकडताप त्यांच्यामुळे पसरतो, आणि सत्तरीत २०१५ पासून त्याचे रुग्ण सापडले आहेत. पूर्ण बाह्या, पँट मोज्यात खोचलेली, पालापाचोळ्यावर बसणं नको, घरी आल्यावर गरम पाण्याने अंघोळ आणि कपडे लगेच धुवायला. कुठे माकड मेलेलं दिसलं तर जवळ न जाता पंचायतीला किंवा आरोग्य केंद्राला कळवा. नंतरच्या आठवड्याभरात ताप आला तर डॉक्टरकडे गेल्यावर पहिलं वाक्य हेच सांगा, की आपण जंगलात गेलो होतो.